वळला की वेचला? तीव्र लेझरमधल्या रेणूंविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच विषयावर आले आहेत: लेझरच्या प्रखर पल्सखाली लहान रेणू एका रेषेत येतात म्हणजे नेमके काय होते, आणि ते फुटतात कसे. उत्तरांत प्रकाशाची तीव्रता सगळीकडे दर चौरस सेंटीमीटरला किती टेरावॅट या मापात दिली आहे. १ टेरावॅट म्हणजे एक लाख कोटी वॅट. फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाचा १० चा उणे १५ वा घात, आणि पिकोसेकंद त्याच्या हजारपट. दर वेळी 'चौरस सेंटीमीटर' लिहिलेले नाही, ते गृहीत धरावे.

प्रश्न: प्रकाशाचे विद्युतक्षेत्र क्षणोक्षणी उलटसुलट होत असते. मग रेणू त्यात एका दिशेला टिकेलच कसा? शिवाय नायट्रोजनला धन टोक आणि ऋण टोक नसतेच, तरी तो वळतो म्हणतात. (बी.एस्सी. विद्यार्थिनी, सातारा)

८०० नॅनोमीटरच्या प्रकाशात क्षेत्राचे एक आवर्तन २.६७ फेमटोसेकंदांत पुरे होते. हायड्रोजनसारखा हलका रेणू घेतला तरी त्याला वळायला याच्या शंभरेक पट वेळ लागतो, आणि आयोडीनला लाखाहून जास्त पट. त्यामुळे कायमच्या द्विध्रुवावर (धन-ऋण टोकांच्या जोडीवर) पडणारा पीळ अर्ध्या आवर्तनात एकीकडे, उरलेल्या अर्ध्यात दुसरीकडे असा पडतो आणि त्याची बेरीज शून्य येते. इथवर तुमची शंका रास्त आहे.

पण क्षेत्र रेणूतल्या इलेक्ट्रॉनांना थोडे सरकवते आणि तिथल्या तिथे एक प्रेरित द्विध्रुव तयार करते. क्षेत्र उलटले की हा द्विध्रुवही उलटतो, म्हणून पीळ मात्र त्याच बाजूला राहतो. लांबट रेणूतले इलेक्ट्रॉन अक्षाच्या दिशेने जास्त सहज सरकतात, आडवे कमी. या दोन ध्रुवीकरणक्षमतांत जितका फरक, तितकी रेणूला ध्रुवणदिशेशी (प्रकाशाचे विद्युतक्षेत्र ज्या रेषेत डोलते तिच्याशी) समांतर होण्याची ओढ. कायमचा द्विध्रुव लागतच नाही, म्हणून नायट्रोजनही वळतो. मात्र त्याचे कोणते टोक वर आणि कोणते खाली हे या ओढीने ठरत नाही. याला संरेखन म्हणतात. टोकही ठरले तर ती अभिमुखता, आणि तिच्यासाठी वेगळी युक्ती लागते. ती पुढे एका प्रश्नात आली आहे.

ओढीचा आकडा काढायला एक सोपे सूत्र जवळ ठेवावे. ऊर्जाखळगीची खोली, मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये = १.३१ × तीव्रता (टेरावॅट) × ध्रुवीकरणक्षमतेतला फरक (घन ॲंगस्ट्रॉम). हा फरक नायट्रोजनसाठी सुमारे ०.७, कार्बन डायऑक्साइडसाठी २.१ आणि आयोडीनसाठी सुमारे ७ आहे. म्हणजे ४० टेरावॅटला नायट्रोजनची खळगी ३७ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट खोल होते, तर आयोडीनची एकाच टेरावॅटला ९. आता खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा २६ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट आणि ५ केल्विनची ०.४३ हे शेजारी मांडा. वायू थंड केल्याशिवाय या क्षेत्रात कुणी का हात घालत नाही, ते या दोन आकड्यांतच आहे.

प्रश्न: आमच्या लेझरवर '१ मिलिज्यूल, ३० फेमटोसेकंद, १ किलोहर्ट्झ' असे लिहिले आहे. नाभीवर तीव्रता किती मिळेल? हिशेब केला तर फारच मोठा आकडा येतो. (संशोधक विद्यार्थी, पुणे)

हिशेब मोठाच येणार. पल्सची शिखरशक्ती = ०.९४ × ऊर्जा ÷ कालावधी, म्हणजे इथे सुमारे ३१ गिगावॅट. शलाकेची त्रिज्या ५ मिलिमीटर आणि आरशाची नाभी ४० सेंटीमीटरवर असेल, तर नाभीवरच्या ठिपक्याची त्रिज्या २० मायक्रॉन किंवा त्याहून थोडी जास्त येते. आदर्श शलाकेला ती २० मायक्रॉन, त्याहून लहान होत नाही. शिखरतीव्रता = २ × शक्ती ÷ (पाय × त्रिज्येचा वर्ग), म्हणजे जवळजवळ ५००० टेरावॅट. रेणूंच्या कामाला १०० ते ५०० पुरतात, त्यामुळे २० ते १०० मायक्रोज्यूल वापरले की झाले. १०० टेरावॅटलाच क्षेत्र दर ॲंगस्ट्रॉमला २.७ व्होल्टवर जाते, आणि बंधाची लांबी एक-दोन ॲंगस्ट्रॉमच असते. फुटायला एवढे रग्गड झाले.

खरा घोळ पुढे होतो. कागदावरचा आकडा प्रत्यक्षात निम्मा निघाला तरी नवल वाटू देऊ नका. पहिले कारण निर्वात कक्षाच्या खिडकीची काच. ५ मिलिमीटर फ्यूज्ड सिलिका ३० फेमटोसेकंदांची पल्स ३४ पर्यंत फुगवते, ते चालून जाते. पण त्याच काचेतून १० फेमटोसेकंदांची पल्स पाठवली तर ती ५१ होऊन बाहेर पडते, म्हणजे तीव्रता पाचव्या हिश्श्यावर. म्हणून आखूड पल्ससाठी काच १ मिलिमीटरच्या आत ठेवतात, किंवा तिची भरपाई लेझरच्या कंप्रेसरमध्ये (पल्स दाबून आखूड करणाऱ्या भागात) वा चर्प्ड आरशांनी (वेगवेगळ्या तरंगलांबींना वेगवेगळा उशीर लावणाऱ्या) आधीच करून ठेवतात. दुसरे कारण शलाकेचा दर्जा: ठिपका थोडा पसरट असला की त्रिज्येच्या वर्गाने मार बसतो. तिसरे म्हणजे ऊर्जा कमी करायला वाटेत आयरिस मिटवणे. आयरिस मिटवली की शलाका अरुंद होते आणि नाभीवरचा ठिपका मोठा होतो, म्हणजे एक बदलायला गेलात आणि दोन बदलले. ऊर्जा कमी करायची ती हाफ-वेव्ह प्लेट (ध्रुवणदिशा फिरवणारी) आणि पातळ पोलरायझर यांच्या जोडीने, शक्यतो कंप्रेसरच्या आधी.

म्हणून तीव्रता मोजायची ती रेणूंच्याच जागी. कक्षात आर्गॉन सोडा आणि ऊर्जा वाढवत नेऊन आर्गॉनच्या एकधन आयनांची संख्या कुठे सपाट होऊ लागते ते पाहा, सोबत द्विधन-एकधन गुणोत्तरही टिपा. आर्गॉनची आयनीभवन ऊर्जा १५.७६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, नायट्रोजनची १५.५८; जोडी छान जमते. हाच न्याय ऑक्सिजन आणि झेनॉनला लावू नका. त्यांचे आकडे (१२.०७ आणि १२.१३) जवळ असले तरी ऑक्सिजन त्याच तीव्रतेला झेनॉनपेक्षा बराच कमी आयन देतो, कारण त्याच्या बाहेरच्या कक्षकाचा आकार वेगळा आहे.

प्रश्न: पल्स निघून गेल्यावरही रेणू पुन्हा पुन्हा रेषेत येतात असे वाचले. हे कसे? आणि नक्की कोणत्या क्षणी मोजमाप करायचे? (प्राध्यापिका, नाशिक)

संरेखनाच्या दोन पद्धती आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की वाचन अवघड होते. पहिलीत पल्स नॅनोसेकंदांची असते. १०६४ नॅनोमीटरच्या लेझरची १० नॅनोसेकंदांची पल्स ३५ मायक्रॉन त्रिज्येवर आणली, तर १ टेरावॅटसाठी सुमारे २०० मिलिज्यूल लागतात. क्षेत्र हळूहळू चढते, रेणू त्याच्या मागोमाग वळतात, आणि क्षेत्र उतरले की पुन्हा मोकळे होतात. ब्रेतिस्लाव्ह फ्रीडरिश आणि डडली हर्शबाख यांनी १९९५ मध्ये याचे गणित मांडले. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस विद्यापीठात हेन्रिक स्टापेलफेल्ट यांच्या गटाने त्याच दशकाच्या अखेरीस ते आयोडीनवर करून दाखवले. या पद्धतीत संरेखन भक्कम मिळते, पण मोजमापाच्या क्षणी रेणू क्षेत्रात बुडालेलाच असतो.

दुसरीत पल्स फेमटोसेकंदांची. ती इतक्या लवकर संपते की रेणूला वळायला वेळच मिळत नाही, त्याला फक्त एक टोला बसतो. टोल्यानंतर तो आपला आपण फिरत राहतो. रेणूच्या परिवलनाच्या ऊर्जा ठरावीक पायऱ्यांच्या असल्यामुळे सगळ्या पायऱ्यांची घड्याळे ठरल्या वेळी पुन्हा एका ठोक्यावर येतात आणि रेणू पुन्हा रेषेत दिसतात. यालाच रिव्हायवल म्हणतात. पूर्ण रिव्हायवलचा काळ परिवलन स्थिरांकावरून निघतो: नायट्रोजन ८.३८ पिकोसेकंद, ऑक्सिजन ११.६, कार्बन डायऑक्साइड ४२.७, आयोडीन ४४६, आणि हायड्रोजन अवघा ०.२८.

आता कधी मोजायचे. अर्ध्या रिव्हायवलच्या आसपासची जागा बहुतेकांना सोयीची पडते: नायट्रोजनला ४.२ पिकोसेकंदांच्या सुमारास, कार्बन डायऑक्साइडला २१ च्या. तिथे काही दशांश पिकोसेकंदांत संरेखन आणि प्रतिसंरेखन एकापाठोपाठ येतात, म्हणजे रेणू आधी ध्रुवणदिशेला समांतर, लगेच आडवे, किंवा उलट. म्हणून विलंब बदलण्याच्या पायऱ्या २० ते ५० फेमटोसेकंदांच्या ठेवा. विलंबाच्या पट्टीवर आरसा १.५ मायक्रॉन सरकला की १० फेमटोसेकंद होतात; नायट्रोजनचे अख्खे रिव्हायवल सव्वा मिलिमीटरात बसते.

पाव रिव्हायवलला एक गंमत आहे. नायट्रोजनमध्ये अणुकेंद्रांच्या स्पिनमुळे सम पायऱ्यांवरचे आणि विषम पायऱ्यांवरचे रेणू २:१ प्रमाणात असतात. २.१ पिकोसेकंदांना हे दोन गट एकमेकांच्या उलट वळलेले असतात आणि संकेत बराचसा कापला जातो. ऑक्सिजनमध्ये फक्त विषम पायऱ्या असतात, कार्बन डायऑक्साइडमध्ये फक्त सम. कापायला समोर कुणीच नाही, त्यामुळे पाव रिव्हायवल ठळक उमटते. नळीतला वायू खरोखर हवा तोच आहे का हे तपासायलाही याचा उपयोग होतो.

पंप पल्स, म्हणजे टोला देणारी पल्स, जितकी तीव्र तितका टोला मोठा, पण याला छत आहे. नायट्रोजनला ५०-६० टेरावॅटच्या वर नेले की पंप स्वतःच आयन करू लागतो. ९.३ इलेक्ट्रॉनव्होल्टला इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या आयोडीनला तर काही टेरावॅटपलीकडे नेता येत नाही. छताला डोके लागले की दुसरा टोला द्यायचा, पहिल्या टोल्यानंतरच्या एखाद्या रिव्हायवलशी वेळ साधून. एकाच पल्सची तीव्रता वाढवत बसण्यापेक्षा हे जास्त फळते.

प्रश्न: उड्डाणकाल वर्णपटात (तुकडे डिटेक्टरपर्यंत किती वेळात पोचतात त्याच्या आलेखात) नायट्रोजनच्या अणु-आयनाचे शिखर दुभंगलेले दिसते. ध्रुवण वर्णपटमापकाच्या अक्षाला समांतर ठेवले की दोन शिखरे, लंब केले की ती नाहीशी. म्हणजे रेणू लेझरने वळले हे सिद्ध झाले ना? (एम.एस्सी. विद्यार्थी, मुंबई)

नाही. हा वाद १९९० च्या दशकात सगळ्या जगाने घातला होता. मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा पिकोसेकंद लेझरने कार्बन डायसल्फाइडसारख्या त्रिअणू रेणूंवर याच विषयाचे काम झाले.

आधी शिखरे दोन का, ते पाहू. रेणू अक्षावर फुटला की एक तुकडा डिटेक्टरकडे सुटतो, दुसरा उलट दिशेला. उलटा गेलेला क्षेत्राने थांबवून परत फिरवला जातो आणि उशिरा पोचतो. दोघांमधले अंतर = २ × संवेग ÷ (प्रभार × खेचणारे क्षेत्र). ३.५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा नायट्रोजन आयन आणि सेंटीमीटरला ३०० व्होल्टचे क्षेत्र धरले तर हे अंतर ६७ नॅनोसेकंद येते. तुमच्या वर्णपटातले अंतर मोजा आणि त्यावरून ऊर्जा काढा. हे माप भरवशाचे आहे.

ध्रुवण फिरवल्यावर शिखरे जातात, याची मात्र तीन कारणे असू शकतात. पहिले, रेणू खरोखर वळले. दुसरे, रेणू सगळ्या दिशांना जसेच्या तसे होते, पण अक्ष क्षेत्राला समांतर असलेल्या नायट्रोजनचेच आयनीभवन सहज होते. लेझरने वळवले कुणालाच नाही, फक्त सोयीचे तेवढे वेचून फोडले. बाजारात टोपलीच्या वर लाल टोमॅटो दिसतात म्हणून टोपलीभर टोमॅटो पिकले असे कुणी म्हणत नाही, तसेच हे. तिसरे कारण निव्वळ यंत्राचे: आडवे सुटलेले तुकडे डिटेक्टरवर पोचतच नाहीत. ३.५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या नायट्रोजन आयनाचा वेग मायक्रोसेकंदाला ६.९ मिलिमीटर असतो. त्याचा प्रवास ३ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो २१ मिलिमीटर बाजूला सरकतो, आणि नेहमीच्या ४० मिलिमीटर व्यासाच्या डिटेक्टरची त्रिज्या २० असते. गेला. वाटेत बारीक छिद्राची चकती असेल तर याहून आधी जातो.

तिसऱ्या कारणाचा निकाल आधी लावा. खेचणारे क्षेत्र दुप्पट, मग चौपट करा आणि समांतर-लंब गुणोत्तर बदलते का बघा. बदलत असेल तर दोष डिटेक्टरच्या पोहोचीत आहे, पुढे जाण्यात अर्थ नाही.

पहिले दोन वेगळे करायला एका पल्सचा प्रयोग अपुरा पडतो. ३० फेमटोसेकंदांत नायट्रोजन फारसा वळूच शकत नाही, त्यामुळे तुमच्या निरीक्षणात वेचण्याचा वाटा मोठा असणार, असेच आम्हाला वाटते. पल्स शेकडो फेमटोसेकंद ते पिकोसेकंदांची असेल, किंवा रेणू हायड्रोजनइतका हलका असेल, तर वळण्याचा वाटा वाढतो. पल्सचा कालावधी बदलून कोनीय पसारा अरुंद होतो का, हे पाहता येते. पण त्यासोबत तीव्रताही बदलते आणि वाद संपत नाही.

वाद संपवतात दोन पल्स: आधीचा पंप आणि नंतरचा प्रोब. पंप वळवतो, प्रोब फक्त फोडून दाखवतो. पंपाचे ध्रुवण डिटेक्टरच्या पृष्ठभागाला समांतर ठेवा आणि प्रोबचे त्याला लंब, म्हणजे उड्डाणाच्या अक्षावर. मग प्रोबची आवडनिवड डिटेक्टरवरच्या चित्रात कुठल्याच बाजूला झुकत नाही. एकटा प्रोब सोडल्यावर चित्र चहूबाजूंनी सारखे गोल आले पाहिजे आणि कोनाच्या कोसाइन-वर्गाची द्विमितीय सरासरी ०.५० यायला हवी. ०.५० येत नसेल तर ध्रुवण तिरके आहे किंवा डिटेक्टरचा एक भाग दमला आहे. ते निस्तरल्याशिवाय पंप उघडू नका. पंप उघडल्यावर ही सरासरी विलंबाबरोबर वर-खाली झाली आणि ८.३८ पिकोसेकंदांचा ठेका दिसला, तर रेणू वळले. वेचलेल्या रेणूंना ठेका नसतो.

आणखी दोन खबरदाऱ्या. पंपाचा ठिपका प्रोबच्या ठिपक्यापेक्षा मोठा ठेवा, उदाहरणार्थ पंप ३५ मायक्रॉन आणि प्रोब २०, म्हणजे प्रोबला पंपाच्या मधला सारख्या तीव्रतेचा भागच दिसेल. आणि प्रोब झाकून एकट्या पंपाचे आयन मोजा. ते प्रोबच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे असतील तर पंप उतरवा.

प्रश्न: कूलंबच्या सूत्राने जितकी ऊर्जा यायला हवी त्यापेक्षा तुकड्यांची ऊर्जा कमीच भरते. चूक मापनात की सूत्रात? (संशोधक, बंगळुरू)

मापनात बहुधा नाही. इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेले दोन धन तुकडे एकमेकांना ढकलून सुटतात, त्याला कूलंब स्फोट म्हणतात. सूत्र सोपे आहे: एकूण ऊर्जा (इलेक्ट्रॉनव्होल्ट) = १४.४ × दोन प्रभारांचा गुणाकार ÷ अंतर (ॲंगस्ट्रॉम). नायट्रोजनचा बंध १.१० ॲंगस्ट्रॉम, म्हणून दोन एकधन तुकड्यांसाठी १३.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट. प्रत्यक्षात ७ च्या आसपास सापडते. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात.

एक, कमी प्रभाराच्या द्विधन रेणूत अजून पुष्कळ इलेक्ट्रॉन असतात आणि ते बंध काही प्रमाणात धरून ठेवतात. दोन सुट्या प्रभारांचे सूत्र तिथे लागूच पडत नाही. प्रभार वाढत गेला, म्हणजे तुकडे द्विधन, त्रिधन झाले, की खरे वक्र कूलंबच्या जवळ येतात.

दुसरी गोष्ट जास्त रंजक. सगळे इलेक्ट्रॉन एकदम जात नाहीत. पहिला-दुसरा गेल्यावर रेणू ताणू लागतो, आणि ताणताना एका ठरावीक अंतराला पुढचा इलेक्ट्रॉन काढणे अचानक सोपे होते. इलेक्ट्रॉन ज्या केंद्राजवळ उरला आहे ते क्षेत्राने वर उचलले जाते. तिथून बाहेर पडायला त्याला दोन केंद्रांमधला बांध तेवढा ओलांडावा लागतो, आणि या अंतराला तो बांध पातळ असतो. बंध यापेक्षा आखूड असेल तर इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रांवर वाटलेला राहतो; यापेक्षा लांब झाला तर मधला बांध जाड होऊन तो अडकतो आणि दोन अणू सुटे असल्यासारखे वागतात. ताओ झुओ आणि आंद्रे बँड्रॉक यांनी १९९५ मध्ये एकधन हायड्रोजन रेणूसाठी हे गणिताने दाखवले. तिथे अशी दोन अंतरे निघतात, सुमारे ३.७ आणि ५.३ ॲंगस्ट्रॉम, मूळ बंध १.०६ असताना. ५.३ ला फुटलेल्या रेणूची ऊर्जा २.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते, १.०६ ला फुटला असता तर १३.६ भरली असती. पल्स लांब असेल तर रेणूला त्या अंतरापर्यंत पोचायला वेळ मिळतो. १० फेमटोसेकंदांच्या आतली पल्स वापरा, ऊर्जा वर सरकेल. म्हणून तुकड्यांच्या ऊर्जेवरून बंधाची लांबी काढायची, तर आखूड पल्स आणि जास्त प्रभार हवेत. ३०-४० फेमटोसेकंदांच्या पल्सने काढलेली 'लांबी' ही रेणूची नसते, त्या ठरावीक अंतराची असते.

हायड्रोजनमध्ये १ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आतले प्रोटॉन दिसले तर ते स्फोटाचे समजू नका. तिथे दुसरा इलेक्ट्रॉन गेलेलाच नसतो. प्रकाश बंधाची खळगी एका बाजूने उतरती करतो आणि वरच्या कंपनपायऱ्यांवरचे रेणू तिथून घसरून सुटतात. फिलिप बक्सबॉम आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हा बंध मऊ पडण्याचा प्रकार दाखवला.

प्रश्न: दोन तुकडे एकाच रेणूचे आहेत हे कसे ओळखायचे? (तेच संशोधक)

संवेगांची बेरीज करून. एकाच रेणूचे असतील तर बेरीज शून्याजवळ येते. पण त्यासाठी एका पल्सला एकाहून अधिक रेणू फुटता कामा नयेत. पल्समागे सरासरी ०.१ घटना ठेवली तर घडलेल्या दर शंभर घटनांत पाचेक दुहेरी निघतात. सरासरी १ ठेवली तर बेचाळीस. संख्या कमी ठेवायची म्हणजे निर्वातही तसाच लागतो. १० मायक्रॉन त्रिज्येच्या नाभीत, १० चा उणे ९ वा घात मिलीबारच्या निर्वातातसुद्धा, भटके असे सहाएक रेणू असतातच, आणि त्यांत पाणी व हायड्रोजन अग्रभागी. म्हणून कक्ष तापवून आणखी दहापट खाली जावे लागते. एवढे शक्य नसेल तर घटना जास्त ठेवून सहविचरणाची पद्धत वापरा, म्हणजे कोणते दोन संकेत पल्सगणिक सोबतच वर-खाली होतात ते पाहा. रेडिंग विद्यापीठातल्या फ्रासिन्स्की, कॉडलिंग आणि हॅदर्ली यांनी ती १९८९ मध्ये याच कामासाठी आणली.

प्रश्न: निर्वात कक्षाशिवाय, महाविद्यालयीन पातळीवर यातले काही करता येईल का? (प्राध्यापक, कोल्हापूर)

फेमटोसेकंद लेझर उपलब्ध असेल तर होय, आणि तेही उघड्या हवेत. हवेतच नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही आहेत. रेणू रेषेत आले की हवा क्षणभर द्विअपवर्तक बनते, म्हणजे वेगवेगळ्या ध्रुवणदिशांना तिचा अपवर्तनांक वेगळा होतो, आणि ते प्रकाशाने टिपता येते. आयन नको, डिटेक्टर प्लेट नको.

८०० नॅनोमीटर, १०० फेमटोसेकंद, १०० मायक्रोज्यूलचा पंप घ्या. शलाकेची त्रिज्या ३ मिलिमीटर असेल तर ७० सेंटीमीटरच्या भिंगाने ठिपका ६० मायक्रॉनचा येतो आणि तीव्रता सुमारे १७ टेरावॅट. शिखरशक्ती १ गिगावॅटच्या आत राहते. हे जपा, काही गिगावॅटला हवेत शलाका आपोआप एकवटू लागते आणि सगळे बिघडते. नाभीवर पांढरा ठिपका दिसला किंवा तडतड ऐकू आली तर आयनीभवन सुरू झाले आहे, ऊर्जा उतरवा. शलाकेचा एक लहानसा भाग तरंगलांबी निम्मी करणाऱ्या बीबीओ स्फटिकातून नेऊन ४०० नॅनोमीटरचा मंद प्रोब करा. त्याचे ध्रुवण पंपाशी ४५ अंशांवर असावे. दोघांना ३ अंशांच्या कोनात एकमेकांवरून जाऊ द्या. पुढे प्रोबच्या वाटेत आडवा पोलरायझर, ८०० अडवणारा फिल्टर, फोटोडायोड आणि लॉक-इन ॲम्प्लिफायर. पंपाच्या वाटेत चॉपर, म्हणजे शलाका ठरावीक ठेक्याने अडवणारी फिरती चकती; लॉक-इन फक्त त्या ठेक्याचा संकेत वेचतो.

आधी शून्य विलंब शोधा. तिथे इलेक्ट्रॉनांच्या तात्काळ प्रतिसादाचे उंच शिखर येते. त्यानंतर २.९ पिकोसेकंदांना ऑक्सिजनचे पाव, ४.२ ला नायट्रोजनचे अर्धे, ५.८ ला ऑक्सिजनचे अर्धे, ८.४ ला नायट्रोजनचे पूर्ण आणि ११.६ ला ऑक्सिजनचे पूर्ण रिव्हायवल उमटते. काहीच दिसत नसेल तर बहुतेक वेळा दोन शलाका नाभीवर भेटलेल्याच नसतात. तिथे ५० मायक्रॉनचे छिद्र ठेवून दोघांना त्यातून काढा. पोलरायझर मिटलेला असताना बराच प्रकाश झिरपत असेल तर भिंगावरचा दाब तपासा. स्क्रू जास्त आवळला की काचही द्विअपवर्तक होते.

८०० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला फिकट लाल भासतो, म्हणून तो सौम्य वाटतो, पण दृष्टिपटल जाळायला त्याचा तुरळक परावर्तित भागही पुरतो. दोन्ही तरंगलांबींसाठी चष्मा लागेल. एकट्या ८०० चा चष्मा ४०० अडवेलच असे नाही.

प्रश्न: हवा तोच बंध निवडून तोडता येतो का? आणि टोक कोणत्या बाजूला हे कसे ठरवतात? (वाचक, पणजी)

पहिल्याचे उत्तर: मर्यादेत. ध्रुवण बंधाला समांतर ठेवून कल देता येतो, हमी मिळत नाही. फिरवून तोडणे मात्र जमले आहे. ध्रुवणदिशा हळूहळू वेग घेत फिरवली तर रेणू तिच्याबरोबर ओढला जातो आणि शेवटी केंद्रोत्सारी ताणाने तुटतो. २००० मध्ये हे क्लोरीनवर करून दाखवले गेले. दुसऱ्याचे: ८०० आणि ४०० नॅनोमीटर एकत्र आणून असे क्षेत्र करतात की त्याची वरची आणि खालची लाट सारखी उरत नाही. २००९ मध्ये कार्बन मोनॉक्साइडची टोके अशी एका बाजूला वळवली गेली. ध्रुवीय रेणूंना स्थिर विद्युतक्षेत्राची जोड देणे हा जुना मार्गही चालतो.

प्रश्न: नायट्रोजनच्या वर्णपटात वस्तुमान-प्रभार १४ ला दोन शिखरांच्या मधोमध एक अरुंद सुळका येतो. तो गोंगाट आहे का? (एम.एस्सी. विद्यार्थी, मुंबई)

गोंगाट नाही. दोन इलेक्ट्रॉन गमावूनही न तुटलेला नायट्रोजनचा रेणू तो. त्याचे वस्तुमान २८, प्रभार २, म्हणून जागा अणु-आयनाचीच, पण त्याला स्फोटाची ऊर्जा नाही म्हणून शिखर अरुंद. खात्री हवी असेल तर १४ आणि १५ असे दोन वेगळे समस्थानिक असलेला नायट्रोजन वापरा, सुळका १४.५ ला सरकेल. तो महाग पडला तर आधी साध्या वायूवर सुळक्याची रुंदी न तुटलेल्या एकधन रेणूच्या शिखराशी ताडून पाहा. आणि वस्तुमान २८ ला कक्षातला कार्बन मोनॉक्साइडही बसतो, तेव्हा वायूची तोटी बंद करून एक रिकामा वर्णपट घेऊन ठेवा.